कालव्याखालचं घर

निरगुडसर,
संक्रांतीनंतरचा बुधवार, २००१

प्रिय गोरक्ष,

तुला अक्काचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या जोडीदाराच्या, सोपानच्या हाती देतेय. त्याला वाचता येत नाही, तेव्हा वाटेत कुणी फोडून वाचील ही भीती नाही, आणि तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची गरज नाही. आपल्या वाड्यावरची किती पोरं शाळा सोडून मेंढरांमागं गेली, सातवीपर्यंत तग धरलेला तूच एक. म्हणून मनातलं सगळं लिहितेय. एकटा बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात कोंबू नकोस. नको ते कानावर आलं की तू उठून चालू लागतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आबा खोडदला बरे आहेत. गुडघे धरलेत, पण काठी घेऊन ओढ्यापर्यंत जातात. संक्रांतीला मी वाण घेऊन गेले होते. माळावर उन्हाला घोंगडी टाकून बसले होते आणि समोरच्या त्या दुर्बिणीच्या मोठ्या जाळीच्या तव्यांकडं बघत होते. "आज समद्यांनी घाटाकडं तोंड केलंय बघ," मला म्हणाले. मग विचारलं, "गोरख्याचा काय सांगावा?" मी म्हटलं, बरा आहे. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. त्यांनी हं म्हटलं आणि पुन्हा तव्यांकडं बघू लागले. तू दोन भाऊबीजा आला नाहीस हे त्यांना माहीत आहे. का आला नाहीस तेही माहीत आहे. आमच्या घरात ते बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बोलत नाही. आज मी बोलणार आहे.

माझं लग्न झालं तेव्हाचं आमचं रान तुला आठवत असेल. बाजरी, मटकी, आणि पाऊस रुसला की तेही नाही. मार्गशीर्षातच विहिरीचा तळ दिसायचा. मग कालव्याला पाणी आलं. सासूबाई नारळ, हळद-कुंकू घेऊन काठावर गेल्या, मला बरोबर नेलं, वृषाली तेव्हा माझ्या कडेवर होती. पाणी बघून सासूबाई रडल्या. त्यांचा सासरा मेंढरं घेऊन पाण्यासाठी गावोगाव हिंडलेला माणूस. त्यांच्या दाराशी पाणी चालत आलं होतं. दोन वर्षांत ऊस उभा राहिला. तुझे दाजी मेंढरं विकून मोकळे झाले. आपण सुखी झालो असं मला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण आपलं घर कालव्याच्या भरावाच्या खालच्या अंगाला. भराव घालताना मुरूम आमच्याच बांधाजवळून उचलला, ते खड्डे कुणी बुजवले नाहीत. कालवा वाहता असो की बंद, त्या खड्ड्यांत पाझर असायचाच. घाण पाणी असतं तर मी पोरीला जाऊ दिलं नसतं. ते पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडे दिसायचे. बायका तिथं भांडी घासायच्या, पोरं बेडकाची पिल्लं धरायची. पाण्यावर बारीक काड्यांसारखं काही आडवं पडून वळवळायचं. आम्ही ते बघायचो आणि भांडी विसळायचो. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीवर डास बसलेले असायचे, ढुंगण वर करून, तिरपे. सासूबाई म्हणायच्या, "पाणी आलं तवा डास बी येनार." त्या शेणी पेटवून धूर करायच्या, आणि धूर विरला की डास परत.

थंडीताप आपल्याला नवा नव्हता. पण पूर्वी तो पावसानंतर यायचा, एखाद्या घरात रेंगाळायचा आणि दिवाळीच्या थंडीला निघून जायचा. दुष्काळाच्या साली तर यायचाच नाही. आबांच्या माळावर अजून तसंच आहे, मुरमात पाणी ठरतच नाही. घाटघरला तर पाऊस इतका कोसळतो की ओढ्यांतलं सगळं धुऊन कोकणात जातं, डासांना अंडी घालायला उसंत मिळत नाही. तिथली माणसं पाऊस उघडल्यावर तापानं पडतात. आमच्याकडं आता उघडणं-मिटणं राहिलंच नाही. उसाच्या फडात शिरलं की पौषातही अंगाला चिकचिक वाटते. पाऊस नसला तरी पाझर आहे आणि थंडी पडली तरी फडात ऊब आहे. कालव्याला अस्तर घालायला बाहेरगावचे मजूर आले होते, त्यांच्या पालांवर तू आजारी पडायच्या आधीच्याच साली दोन माणसं तापानं गेली. ती आपली माणसं नव्हती, म्हणून गावानं मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आणि मग त्या ज्येष्ठात तू कोकणातून वर आलास. घाट चढताना तुला दोनदा खाली बसावं लागलं असं सोपाननं मागाहून सांगितलं. खाली कुठल्याशा दुकानातून गोळ्या घेतल्या होत्यास, ताप उतरला तशा उरलेल्या टाकून दिल्यास. आबांचा निरोप आला आणि मी तुझ्या दाजींना पाठवून तुला आणवलं. तू नको नको म्हणत होतास. "अक्का, मी मेंढरांच्या वाड्यावरच पडतो. पोरगी हाय तुझ्या घरात." तुला तेव्हा काय माहीत होतं? काहीच नाही. तुला फक्त लाज वाटत होती, बहिणीच्या सासरी पडून राहायची. पण आई गेल्यापासून तुझं दुखणंखुपणं माझ्याकडंच, त्यात वर पाऊस आणि खाली ओल, तुला पालात कशी टाकून देणार होते मी? ओसरीवर तुझं अंथरूण घातलं. दिवसाआड हुडहुडी भरायची, तीन घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे. वृषाली तुझ्या पायांवर बसायची. "मामा, मी दाबून धरते, मग थंडी हलणार न्हाई." तिला वाटायचं थंडी म्हणजे अंगात शिरलेलं जनावर आहे. ताप उतरला की तू तिला लांडग्यानं कोकरू नेलं त्याची गोष्ट सांगायचास, आणि ती दर वेळी शेवट बदलून घ्यायची. कोकरू परत आलंच पाहिजे. आषाढ लागला तसा तू उठून बसलास, भाकरी खाऊ लागलास, एक दिवस मला न विचारता काठी घेऊन वाड्यावर गेलास. जाताना ती तुझ्यामागं बांधापर्यंत पळाली.

ती पडली तेव्हा श्रावण निम्मा झाला होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, पावसात भिजली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या डॉक्टरनं सुई दिली, ताप उतरला, तिनं भात खाल्ला. मला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी परत सुई. रक्त तपासायचं कुणी म्हटलं नाही आणि मला सुचलं नाही, कारण तिला तुझ्यासारखी हुडहुडी भरत नव्हती; नुसती तापायची आणि सुस्त पडायची. सहाव्या दिवशी सकाळी वेणी घालायला बसवली तर मान धरेना. माझ्याकडं बघत होती, पण मी दिसत नव्हते तिला. मग झटके आले. तुझ्या दाजींनी शेजारची जीप काढली. मंचरच्या दवाखान्यात बोटातलं रक्त काचेवर घेतलं, तिथल्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाले, ताप मेंदूत गेलाय, हिला पुण्याला न्या, आत्ता. सलाइन लावूनच जीपमध्ये घातली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्याकडेला बायका भेंडी घेऊन बसल्या होत्या. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं. मी तिला एकसारखं ओल्या फडक्यानं पुसत होते. राजगुरुनगरच्या अलीकडं ते अंग माझ्या हाताला गार लागायला लागलं. मला वाटलं ताप उतरला. मी तुझ्या दाजींना आनंदानं म्हणाले, "अहो, बघा, उतरला." ते पुढच्या सीटवरून वळले. त्यांच्या तोंडाकडं बघितल्यावर मला कळलं.

हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नाही.

दहाव्याला तू आलास. अंगणात गुडघ्यात डोकं घालून बसला होतास. पंचवीस माणसांत सासूबाई बोलल्या, "ह्यो ताप कोकणातला हाय. मेंढक्यानं आणला आन् माझ्या नातीला दिला." त्या स्वतः मेंढक्याच्या घरच्या, पण दुःखानं माणूस कुणाचाच राहत नाही. कुणी काही बोललं नाही. आबा बोलले नाहीत. तुझे दाजी बोलले नाहीत. मी तिथंच दारात उभी होते आणि तू मान वर करून माझ्याकडं बघितलंस. मी काहीतरी म्हणावं असं तुला वाटत होतं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तू उठलास, चपला हातात घेऊन गेलास, आणि तेव्हापासून मेंढरं या अंगाला आली तरी तू नदीपलीकडून वळवतोस.

गोरक्ष, मी तुझ्यावर चिडले नव्हते असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. वर्षभर चिडले होते. तुझी ओसरीवरची जागा सारवताना हात आपोआप जोरात फिरायचा. त्या वर्षी आमच्या आळीत एक घर तापाशिवाय सुटलं नाही. खालच्या वस्तीवरची एक पहिलटकरीण पोटातल्या बाळासकट गेली. मग फवारणीवाले आले, भिंतींवर औषध मारून गेले, आणि वास येतो म्हणून दुसऱ्याच दिवशी बायकांनी भिंती सारवून घेतल्या. गावानं ठरवलं की मेंढक्यांना शिवारात बसू द्यायचं नाही. आबा कितीतरी वर्षं ज्या रानात मेंढरं बसवायचे, त्या रानाच्या मालकानं त्यांना बांधावरूनच हात जोडले. "भिमाभाऊ, राग नका धरू, पण घरात बारकी पोरं हायेत." आबा कळप घेऊन फिरले. त्यानंतरच त्यांचे गुडघे गेले असं मला वाटतं.

मग मलाच ताप आला. मेंदूत जाणारा नव्हता, साधा होता, पण त्या हुडहुडीत मला पहिल्यांदा कळलं तू ओसरीवर काय सोसलं होतंस. हाडांच्या आत कुणी बर्फ भरत होतं. बरी झाल्यावर मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडं गेले. तरुण माणूस, तुझ्याच वयाचा. मी सरळ विचारलं, "माझ्या भावानं माझ्या मुलीला मारलं का?" ते दचकले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बाई, डास ताप घेऊन जन्मत नाही. तो तापकऱ्या माणसाचं रक्त पितो, आणि ते बीज त्याच्या पोटात पिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कोरड्या उन्हाळ्यात डास तेवढा जगतच नाही, बीज त्याच्याबरोबर मरतं. हवेत ओल असली, ऊब असली की तो जगतो आणि पुढच्याला चावतो. तुमच्या घरामागच्या खड्ड्यांनी त्याला जन्म दिला, पावसाळी हवेनं त्याला जगवलं. बीज तुमच्या भावाकडून आलं असेल, नाहीतर कालव्यावरच्या मजुरांकडून, ऊसतोडीवाल्यांकडून, किंवा तुमच्याच गावात तापातून उठलेल्या आणि गोळ्या अर्ध्या सोडलेल्या कुणाकडूनही. कुणाचं ते सांगणारं यंत्र माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही." मी म्हटलं, म्हणजे तो असूही शकतो. ते म्हणाले, "असू शकतो."

मी तुला खोटा दिलासा देणार नाही. तुझ्याकडून गेलं असेल. पण तुलाही ते कुणाकडून तरी आलंच ना? भाताच्या खाचराकाठी झोपलास, तुला कुणीतरी दिलं. त्या माणसाला तू शोधायला गेलास का? त्याचा गळा धरलास का? आणि त्याला ज्यानं दिलं त्याचं काय करणार होतास? मी हा विचार करत किती मागं गेले, मला शेवट सापडला नाही. मग तुझे दाजी आणि मी मिळून ते खड्डे बुजवायला घेतले. गावातून कुणी आलं नाही, दोन बैलगाड्या मुरूम रोज. सासूबाई पहिले दोन दिवस ओट्यावरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन आल्या. तेव्हाही त्या तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत, पण दिवाळीत फराळाचा डबा भरताना म्हणाल्या, "खोडदला धाडायचा तर गोरख्यालाबी व्हईल येवढा घे." दोन खड्डे बुजले. बाकीच्यांत पाणी आहे, आणि भरावाचा पाझर काही आम्हाला थांबवता येत नाही. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीत पुन्हा एक मूल गेलं. हे सगळं चांगलं झालंय असं तुला वाटू नये, म्हणून लिहिलं.

आता हे पत्र का लिहायला बसले ते. काल सोपान बाजरी न्यायला घाट चढून वर आला आणि वाट वाकडी करून माझ्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. चहा घेईना. मग म्हणाला, "अक्का, गोरक्ष पडलाय. दिवसाआड थंडी भरतीया, डोळं पिवळं झाल्यात, अंगावर मास न्हाई राह्यलं. दवाखान्याच्या बाईनं गोळ्या आणून दिल्या तर त्यानं त्या चुलीत टाकल्या. म्हनतो, वृषालीला भेटल्या न्हाईत त्या मला कशाला." गोरक्ष, चिडायला माझ्या अंगात जोर राहिला नव्हता. तू तिच्यामागं जायचं ठरवलंयस ना? आबांची एक नात गेली तेवढं पुरलं नाही का, त्यांना आणि मला? पण ते राहू दे. मी दुसरंच सांगणार आहे आणि ते तुला लागलं तरी चालेल. तुझा वाडा आहे त्या पाड्यावर पोरं असतील. संध्याकाळी ती तुझ्या मेंढरांशी खेळायला येत असतील. तू तापानं पडलायस, तुझं अंग उघडं आहे आणि ओढ्याच्या डबक्यांत अजून पाणी आहे. मागच्या वेळी तुला काही माहीत नव्हतं. आता आहे. गोळ्या न घेता तू पडून राहिलास तर जो डास तुला चावेल तो तिथल्या कुठल्यातरी आईच्या घरात जाईल, आणि दोष द्यायला तुझं नावही तिला ठाऊक नसेल. म्हणून औषध घे. तुला जगायची इच्छा नसली तरी घे. रक्त तपासून घे, देतील तेवढ्या सगळ्या गोळ्या संपव, ताप उतरला तरी संपव. सोपानला सांगितलंय, पत्र वाचून झालं की तुला खांद्यावर घालून दवाखान्यात न्यायचं, तू शिव्या दिल्यास तरी. मी आणि तुझे दाजी उद्याच्या एसटीनं घाटघरला येतोय, तिथून नाणेघाट उतरून खाली. सासूबाईंनी भाकऱ्या बांधायला घेतल्यात. दहाव्याला तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा जे म्हणायचं राहिलं, ते समोर येऊन म्हणीन. तोवर मरू नकोस.

तुझीच,
पुष्पा अक्का